रंकाळ्यावर सरळ फेरी मारायची की उलटं चालायचं?

कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या पदपथावर पहिल्यांदा उलटा चालायला लागलो तेव्हा कट्ट्यावरच्या एका आजोबांनी हटकलंच, "काय ओ, मागं काय सांडलंय का?" हसू आलं, पण प्रश्न चुकीचा नव्हता. उलटं चालायचं तर कशासाठी, हे आधी ठरवलेलं बरं.

गुडघ्यासाठी विचारत असाल, तर उलट्या चालण्याचं पारडं जड आहे. सरळ चालताना टाच आधी टेकते आणि तिचा हिसका वर गुडघ्यापर्यंत जातो. उलटं चालताना चवडा आधी टेकतो, टाच मागाहून. धक्का घोटा आणि पोटरी झेलतात, त्यामुळं गुडघ्याच्या वाटीमागचा दाब कमी होतो. शिवाय मांडीच्या पुढच्या स्नायूला जास्त काम पडतं, आणि गुडघा सावरून धरतो तो हाच स्नायू. म्हणून तर गुडघ्याची झीज झालेल्यांना फिजिओथेरपिस्ट हा व्यायाम देतात. पिंडऱ्या मात्र सुरुवातीला दोन दिवस बोंबलतात. माझ्या जिना उतरताना बोंबलल्या.

वजनासाठी असेल तर जरा थांबा. "उलटं चाला, चरबी पळवा" असले व्हिडिओ व्हॉट्सअॅपवर रोज येतात. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. शारीरिक हालचालींना लागणाऱ्या ऊर्जेच्या 2011 च्या तक्त्यात नुसतं बसण्याला 1 धरलं, तर ताशी साडेपाच किलोमीटरच्या सरळ चालण्याला 4.3 आणि तेवढ्याच वेगानं उलटं चालण्याला 6 असा आकडा आहे. म्हणजे सुमारे 40 टक्के जास्त. पण त्या वेगानं उलटं चालणारा माणूस मला तरी रंकाळ्यावर दिसलेला नाही. आपण चाचपडत दहा मिनिटं जातो. त्यापेक्षा पाऊण तास झपझप सरळ चाललात तर हिशेब सरळ चालण्याच्याच बाजूनं लागतो. आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तो कोटा उलट्या पावलांनी भरायचा नाद करू नका.

तोल सुधारण्याचं मात्र दोन्ही बाजूंनी बघावं लागतं. मागचं दिसत नसल्यानं तळपाय, कान, कंबर सगळं जागं राहतं आणि तोल सावरायची सवय लागते. पासष्टीनंतर आठवड्यातून तीन दिवस तोलाचे व्यायाम करावेत, असं तीच संघटना म्हणते. पण ज्यांना तोलाची गरज सगळ्यात जास्त, त्यांनाच पडण्याचा धोकाही सगळ्यात जास्त. चक्कर येत असेल, साखरेमुळं तळपाय बधिर असतील, हाडं ठिसूळ झाली असतील, तर हा प्रयोग फिजिओथेरपिस्टसमोरच करावा.

जागेचंही बघा. रविवारी सकाळी रंकाळ्यावर पोरांच्या सायकली, साखळीतली कुत्री, मध्येच थांबून सेल्फी काढणारे, असं सगळं असतं. एकदा वर आलेल्या फरशीला माझी टाच अडकली आणि मी सरळ बुडावर बसलो. माकडहाड आठवडाभर ठणकत होतं. त्यापेक्षा घरातला बोळ बरा, एक हात भिंतीला लावून. नाहीतर शाळेचं सपाट मैदान. गच्चीवर कठड्याकडं पाठ करून तर नकोच. ट्रेडमिलवर करणार असाल तर दांडा धरा आणि वेग ताशी एक-दीड किलोमीटरच ठेवा. सारखं एकाच खांद्यावरून मागं बघू नका, मान धरते.

माझं आता असं ठरलंय: पस्तीस मिनिटं सरळ, मग गर्दी नसलेल्या तुकड्यावर पाच मिनिटं उलटं. त्यासाठी जोडीला कुणीतरी घ्या. एकानं सरळ चालायचं, दुसऱ्यानं त्याच्याकडं तोंड करून उलटं. माझ्यासमोर बायको असते. गप्पांच्या मधेच "डावीकडं, डावीकडं, अहो तुमचं डावं!" असं ओरडते, तोवर मी उजवीकडं गेलेला असतो.