शिकारीची ओतीव गोळी: व्हील वेट की वीसास एक?

थर्टी-थर्टी किंवा थर्टी-फाइव्ह रेमिंग्टनसारखं काडतूस घेणाऱ्या लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीसाठी घरी गोळ्या ओतायचं ठरलं, साचा आला, भट्टी आली, की प्रश्न उरतो धातूचा. शुद्ध शिसं फार मऊ, ब्रिनेल या कडकपणाच्या मापावर ५ च्या आसपास. लायनोटाइप, म्हणजे छापखान्यातल्या खिळ्यांचा धातू, २२ ला पोचतं, पण ठिसूळ. मधल्या पट्ट्यात दोन रस्ते आहेत. पहिला म्हणजे टायरवाल्याकडची क्लिपची व्हील वेट, म्हणजे चाकाचा तोल साधायला लावतात ती वजनं, वितळवायची आणि साच्यातली गोळी गरम असतानाच पाण्यात सोडायची. दुसरा म्हणजे शुद्ध शिशात वीसास एक या प्रमाणात कथील घालायचं आणि गोळी टॉवेलवर निवू द्यायची.

हे सगळं अमेरिकेतल्या, हरणाच्या सीझनची तयारी करणाऱ्यांसाठी. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि शस्त्र कायद्याखाली परवान्याशिवाय दारूगोळाही बनवता येत नाही. कॅलिफोर्नियातल्या मंडळींनीही इथेच थांबावं. तिथे १ जुलै २०१९ पासून कुठल्याही शिकारीसाठी शिशाची गोळी चालत नाही.

आधी व्हील वेटच्या बाजूने बोलू, कारण तिची बाजू दुबळी नाही. त्यात अँटिमनी ३ टक्क्यांच्या आसपास असतं, किंचित आर्सेनिक असतं, कथील मात्र नावापुरतं. या आर्सेनिकच्या जोरावर अँटिमनीवालं शिसं पाणी दिलं की कडक होतं. हवेत निवलेली गोळी ११-१२ ब्रिनेल दाखवते, तीच पाण्यात सोडलेली १८ ते २२. मागे गॅस चेक (बुडाला बसणारी तांब्याची छोटी वाटी) बसवला तर सेकंदाला २,००० फुटांपुढेही नळीत शिसं बसत नाही. साचा नीट भरावा म्हणून १ ते २ टक्के कथील वरून घालावं. बादली भट्टीपासून दूर आणि खालच्या पातळीवर ठेवावी, तोंडावर चीर पाडलेला टॉवेल बांधावा म्हणजे शिंतोडे उडत नाहीत. उलट्या दिशेने, म्हणजे वितळलेल्या शिशात पाण्याचा एक थेंब गेला, तर वाफेच्या स्फोटाने सगळी भट्टी अंगावर येते. ओल्या हातमोज्याने साचा धरणंही तेवढंच वाईट.

वीसास एकचं गणित सोपं आहे. ९.५ किलो शिशात ४७५ ग्रॅम कथील घातलं की ब्रिनेल १० च्या जवळपास येतं. पाण्यात सोडून याचं काही वाढत नाही, अँटिमनीच नाही. गॅस चेक असेल आणि गोळीचा व्यास नळीला बरोबर असेल, तर १,७०० ते १,८०० फुटांपर्यंत माझ्या मते निर्धास्त जावं. त्यापुढे रायफल लहरी होते. शंभर यार्डांच्या आतल्या हरणासाठी थर्टी-थर्टीला एवढं पुष्कळ झालं.

शिकारीच्या दृष्टीने फरक पडतो तो गोळी लागल्यानंतर. कथीलवाली गोळी १,४०० फुटांच्या वर असेल तर पुढून पसरते, छत्रीसारखी उघडते आणि वजन जवळजवळ पूर्ण राखते. पाणी दिलेली व्हील वेट या वेगात पसरतच नाही, पेन्सिलीएवढं भोक पाडून पार जाते. वेग वाढवून हाडावर बसली तर नाकाचा तुकडा पडू शकतो, कारण अँटिमनीने कडकपणा येतो तसा ठिसूळपणाही येतो. म्हणून ती वापरायचीच असेल तर सपाट नाकाचाच साचा घ्या, सपाटी कॅलिबरच्या ७० टक्क्यांच्या आसपास असलेला. मग न पसरताही ती काम करते, हे मान्य करायला हवं. फोर्टी-फाइव्ह-सेव्हंटी या जाड गोळीच्या काडतुसवाल्यांना तर हा वाद पोकळ वाटेल. तेवढं रुंद नाक असल्यावर पसरायची गरजच काय!

इथपर्यंत पारडं बरोबरीत आहे, असं कुणी म्हटलं तर मी भांडणार नाही. माझा कल ठरला तो जस्तामुळे.

व्हील वेटची बादली आता पूर्वीची राहिलेली नाही. युरोपात २००५ मध्ये गाड्यांच्या चाकांवरून शिसं गेलं. अमेरिकेत कॅलिफोर्नियासह काही राज्यांनी २०१० च्या आसपास तेच केलं. आज टायरवाला जी बादली देतो तिच्यात लोखंड, जस्त, चिकटपट्टीची पट्ट्यापट्ट्यांची मऊ वजनं, सिगारेटची थोटकं आणि व्हॉल्व्हच्या टोप्या असतात. लोखंड तरंगतं, त्याचा त्रास नाही. चिकटपट्टीवाली वजनं जवळजवळ शुद्ध शिसं असतात, ती वेगळी काढून ठेवली तर उलट फायदाच. जस्त मात्र गुपचूप आत शिरतं.

ओळखायच्या खुणा आहेत. काहींवर झेडएन ही जस्ताची अक्षरं ठोकलेली असतात. नसतील तर वजन साइड कटरमध्ये धरून दाबावं. शिशात दात सहज रुततात, जस्तावर घसरतात. काँक्रीटवर टाकलं तर शिसं थप्प पडतं, जस्त खणखणतं. तरीही शंका उरली तर मुरियाटिक (हायड्रोक्लोरिक) अ‍ॅसिडचा थेंब टाकावा, जस्तावर फसफसतो. शिसं ३२७ अंशाला वितळतं, जस्त ४१९ ला. म्हणजे थर्मामीटर घालून पहिलं वितळवणं ३७० च्या आत ठेवलं, तर जस्ताचे तुकडे आख्खे वर तरंगतात आणि झाऱ्याने काढता येतात. पुस्तकी हिशेबाने प्रश्न मिटला. पण टर्कीच्या तळणीसाठीच्या गॅस शेगडीवर लोखंडी भांडं ठेवलं की तळाशी किती तापलंय आणि वर किती, यात फार अंतर पडतं. थंड ढीग लवकर वितळावा म्हणून ज्योत मोठी केली जाते आणि तेवढ्यात तळाचं एखादं वजन विरघळतं.

मग वर साय धरते, लापशीसारखी. कितीही भुसा घाला, मेण घाला, ढवळा, ती आत जात नाही. गोळीच्या कडा गोल येतात, वंगणाच्या खाचांच्या धारा भरत नाहीत, तळाशी एक कोपरा कायम उणा. साचा थंड असेल, तेलकट असेल, कथील कमी असेल असं वाटून माणूस तासभर तापमानाशी खेळत बसतो, आणि दोष धातूतच असतो. जस्त काढायचे गंधकाबिंधकाचे उपाय लोक सांगतात. माझं मत विचाराल तर तो लगदा मासेमारीच्या वजनांना द्यावा आणि भांडं खरवडून नव्याने सुरुवात करावी.

शुद्ध शिशाचे तुकडे आणि कथीलाची कांडी पावती घेऊन आणली की ही सगळी निवडानिवड नाहीशी होते. कथील शिशाच्या कित्येक पट महाग आहे, हा आक्षेप खरा. पण शिकारीच्या गोळ्या वर्षाला लागतात किती? निशाणबाजीच्या सरावाला खुशाल व्हील वेट वापरा.

व्हील वेटबद्दलची दुसरी कुरकुर छोटी आहे. पाणी दिलेली गोळी लगेच मोजू नये, तिचा कडकपणा पुढचे दोन आठवडे सरकत राहतो. मापाच्या डायमधून, म्हणजे दाबून नेमका व्यास देणाऱ्या साधनातून, काढायची तर त्याच दिवशी काढावी, नंतर हात दुखतात आणि पृष्ठभाग दबून पुन्हा मऊही पडतो. वीसास एक आज जेवढी, महिन्याने साधारण तेवढीच. ब्रिनेलचं यंत्र नसेल तर चित्रकलेच्या पेन्सिली पुरतात. लाकूड सोलून पेन्सिलीच्या शिशाचं टोक सँडपेपरवर सपाट करावं आणि गोळीवर ४५ अंशांत पुढे ढकलावं. कथीलवाल्या धातूला ३बी च्या आसपास ओरखडा जाऊ लागतो, पाणी दिलेल्याला एफ किंवा एच लागते.

गोळी कशी पसरते याची चाचणी वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर घ्या, पण रात्रभर भिजवलेल्या. कोरड्या गठ्ठ्यात दोन्ही गोळ्या खोट्या दिसतात. गठ्ठा बाहेर काढल्यावर लगेच वापरावा, निथळला की निकाल बदलतो. पंधरा यार्डांवरून मारून खूश होऊ नका, तिथे वेग जास्त असल्याने पसरणं फुगून दिसतं. हरीण ज्या अंतरावर मिळणार तिथूनच मारा. निघालेली गोळी तोला आणि व्यास दोन दिशांनी मोजा, छत्री सहसा लंबगोल उघडते. ओतीव गोळी वाटते त्याहून खोल जाते, म्हणून गठ्ठ्यामागे मातीचा बांध असू द्या. दारूचं प्रमाण कुणाच्या ऐकीव आकड्यावर नको, छापील रीलोडिंग मॅन्युअलमधलंच घ्या.

सुवर्णमध्य हवा असेल तर अर्धी व्हील वेट, अर्धं शुद्ध शिसं आणि वर २ टक्के कथील. अँटिमनीच्या बरोबरीने कथील आलं की ठिसूळपणा बराच जातो. अनेक जाणते इथेच स्थिरावतात आणि त्यांना चूक म्हणायची माझी हिंमत नाही. फक्त बादली निवडणं त्यातही आलंच.

साचा मागवण्याआधी एक पाहून घ्या. गोळीचा व्यास नळीतल्या खाचांच्या व्यासापेक्षा एक-दोन हजारांश इंचाने जास्त हवा. त्यासाठी मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकून काढून मायक्रोमीटरने मोजावा. साच्यांवरचे आकडे बहुधा कडक मिश्रधातू धरून दिलेले असतात. त्याच साच्यात वीसास एक ओतलं तर ते निवताना जास्त आकसतं आणि गोळी किंचित बारीक आणि थोडी जड पडते. ०.३०९ इंच लागत असेल तर ०.३११ चा साचा घेऊन डायमधून खाली आणणं बरं. बारीक पडलेली गोळी या नेहमीच्या डायने फुगवता येत नाही.