रोझ थिएटर व्हीआरमध्ये: साइज कळते, पुरावा कळत नाही

इकडे इंग्लंडमध्ये नाटकाच्या मास्टर्सला आमच्या डिपार्टमेंटने थिएटर हिस्ट्रीसाठी एक व्हीआर (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे हेडसेट लावून आभासी जागेत फिरायचं) पॅकेज घेतलंय, त्यात लंडनचं रोझ थिएटर आहे, म्हणजे थिएटरमालक फिलिप हेन्स्लोने १५८७ ला थेम्सकाठी बँकसाइडवर बांधलेलं, शेक्सपिअरच्या ग्लोब थिएटरच्याही १२ वर्षं आधीचं. कॉलेजने घ्यावं का, तर घ्यावं, पण हेडसेट लावून मुलांना नुसतं सोडून दिलं तर पैसे वाया.

भारी काय आहे तर साइज. बाहेरून साधारण २२ मीटर रुंदीची बहुकोनी इमारत असं वाचलेलं असतं पण डोळ्यासमोर काही येत नाही. स्टेजवर उभं राहिलं की कळतं पब्लिक किती अंगावर येत असणार, वरच्या गॅलरीतल्या माणसाच्या डोळ्यात बघून स्वगत म्हणता येईल इतकं जवळ आहे सगळं. मग खाली यार्डात, म्हणजे स्टेजपुढच्या उभ्या प्रेक्षकांच्या मोकळ्या जागेत उतरा, मग गॅलरीच्या कडेला जा, तिथून स्टेजचा कुठला भाग अजिबात दिसत नाही ते बघा, हे कुठल्याच प्लॅनवरून इतक्या पटकन समजत नाही. १५९२ ला हेन्स्लोने थिएटर वाढवलं, ते आधीचं-नंतरचंही बटण दाबून बदलता येतं.

आता माझी तक्रार. रोझचा पाया १९८९ ला नवीन ऑफिस बिल्डिंगच्या जागी खोदताना सापडला, आणि पाया म्हणजे फक्त पाया, तोही पूर्ण उकरलेला नाही. वरचं सगळं इतर ठिकाणांवरून ताडलेलं, म्हणजे लंडनच्याच फॉर्च्युन थिएटरच्या १६०० च्या बांधकामाच्या करारात मजल्यांची उंची १२, ११ आणि ९ फूट दिलीय, त्याच काळातल्या स्वान थिएटरचं एक चित्र आहे आणि तेही मूळ नाही, नक्कल. अंदाज करायला माझी काहीच हरकत नाही हो, पण इथे जमिनीतून निघालेलं आणि अंदाजाने उभं केलेलं सगळं एकाच चकचकीत लाकडात रंगवलंय, कुठे साधी खूणसुद्धा नाही. पहिल्या वर्षाचा मुलगा ते फोटो समजूनच बघणार ना? आणि यार्डाची जमीन इतकी स्वच्छ की बास, खोदकामात तिथे राख आणि हेझलनटच्या टरफलांचा थर मिळालाय! प्रेक्षक म्हणून चार पुतळे उभे केलेत, ते नसते तरी चाललं असतं.

आमच्या मॅडमनी मात्र मस्त वापरून घेतलं. आधी तो करार आणि स्वानचं चित्र हातात दिलं, मग हेडसेट, मग हेन्स्लोची १५९८ ची सामानाची यादी, त्यात नरकाचं तोंड आहे, ड्रॅगन आहे, आणि विचारलं हे आत आणणार कुठून, ठेवणार कुठे, कुठल्या गॅलरीतून दिसणारच नाही. त्यावर जी भांडणं झाली ती खरी हिस्ट्री.

बाकी किरकोळ. चष्मा असेल तर हेडसेट नाकावर रुततो, जॉयस्टिकने जिना चढलात तर मळमळतं, त्यापेक्षा टेलिपोर्ट मोड (चालायचं नाही, थेट दुसऱ्या जागी पोचायचं) लावून खुर्चीत बसा. हेडसेट कमी पडतात, अर्धा वर्ग रांगेत, त्यांना आधीच काहीतरी काम द्या.

आपल्याकडे विष्णुदास भाव्यांचा १८४३ चा सांगलीचा प्रयोग कुणी असा बनवला तर मी पहिली जाईन, फक्त त्यात अंदाज किती हे आधी विचारीन.

५ पैकी साडेतीन. पुढच्या अपडेटमध्ये सापडलेलं एका रंगात आणि ताडलेलं दुसऱ्या रंगात दाखवलं तर साडेचार.