यूपीआयवरचं रुपे क्रेडिट कार्ड: मुंबईच्या बाजारात कसं चालतं

पैशाची वाट परक्याच्या हातात असली की काय होतं, हे मार्च २०२२ मध्ये दिसलं. व्हिसा-मास्टरकार्डने रशियातलं काम थांबवलं. तिथल्या बँकांची कार्डं देशात चालत राहिली, कारण ते व्यवहार देशी यंत्रणेतून जात होते. परदेशात मात्र बंद पडली. म्हणून २०१२ साली आलेल्या रुपेचं, म्हणजे भारताच्या स्वतःच्या कार्ड-जाळ्याचं, मोल सवलतींच्या पलीकडचं आहे.

रुपे क्रेडिट कार्डाची यूपीआय ॲपशी जोडणी सोपी आहे. बँकेत नोंदवलेला नंबर त्याच फोनमध्ये हवा. दोन सिम असतील तर नेमकं तेच निवडा. एसएमएस दुसऱ्या सिमवरून गेला की पडताळणी फसते. मग कार्डाचे शेवटचे सहा आकडे, मुदत, ओटीपी आणि नवा पिन.

खरी अडचण दादरच्या भाजीबाजारात. गाळ्यावर चिकटवलेला क्यूआर भाजीवाल्याच्या बचत खात्याचा असेल, तर क्रेडिट कार्डाचे पैसे जात नाहीत. व्यापारी म्हणून नोंदलेलाच क्यूआर लागतो. मित्राला पैसे पाठवणंही जमत नाही. तेव्हा बचत खातं जोडलेलं ठेवाच.

एप्रिल २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने पेमेंटची माहिती भारतातच साठवण्याचा आदेश दिला. नियम न पाळल्याबद्दल जुलै २०२१ मध्ये मास्टरकार्डला नवे ग्राहक घेण्यास मनाई झाली, ती जून २०२२ मध्ये उठली. सरकारी अधिकार असा वापरायलाच हवा.

परदेशात मात्र रुपेला बहुतांशी अमेरिकेचं डिस्कव्हर, जपानचं जेसीबी अशा परकीय कार्ड-जाळ्यांवर विसंबावं लागतं. प्रवासाला निघताना दुसरं कार्ड सोबत घ्या.