जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट: सील किट, नवा पंप की भंगारातली असेंब्ली?

ट्रॅक्टरची लिफ्ट, म्हणजे मागचं अवजार तेलाच्या दाबाने उचलणारी यंत्रणा, बिघडली की तिचा तेलाचा पंप गेला, असं आमच्या दौंडकडे पारावर बसलेला कुणीही सांगतो. मीही ते ऐकून एकदा पंप बदलला. जुनी मॅसी १०३५, म्हणजे मॅसी फर्ग्युसनचा ट्रॅक्टर. रोटर (माती भुसभुशीत करणारं अवजार) उचलायची झकास, पण बांधावर चहाला थांबून इंजिन बंद केलं की कप रिकामा व्हायच्या आत रोटर जमिनीला टेकलेला. नवा पंप बसवला, इंजिन बंद केलं, चहा घेतला, रोटर पुन्हा खाली. शेवटी दोष निघाला सिलिंडरमधल्या पिस्टनच्या ओ-रिंगेत, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी कड्यात. पंपाच्या पैशांत तसल्या ओ-रिंगा पोतंभर आल्या असत्या.

तेव्हा पर्याय निवडायच्या आधी एवढं बघा: लिफ्ट चढत नाही, की चढून टिकत नाही? अवजार वर घ्या, इंजिन बंद करा, लांब उभे राहा. सरसर खाली आलं तर तेल आतल्या आत कुठून तरी परत जातंय. संशय आधी सील आणि व्हॉल्व्हवर. वर घेतलेलं टिकतं, पण चढतानाच दमतं, तर तेल गाळणारी जाळी, पंप किंवा रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा). सकाळी चढते आणि दुपारी तेल तापल्यावर चढत नाही, ही मात्र झिजलेल्या पंपाची अगदी ठरलेली खूण. तापलेलं तेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून निसटतं.

मॅसीवाल्यांसाठी आणखी एक. हिचा पंप मागच्या हाऊसिंगमध्ये तेलात बुडालेला असतो आणि पीटीओच्या, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या अवजाराला देणाऱ्या, शाफ्टवर फिरतो. पीटीओचा दांडा (लिव्हर) न्यूट्रलला राहिला तर लिफ्ट हलणारच नाही. यासाठी मिस्त्रीला बोलावून गाडीभाडं दिलेले लोक मी पाहिलेत. (एकदा माझे मेहुणेच होते, पण ते असो.)

आता सील किट, म्हणजे ओ-रिंगा आणि सीलांचा संच. सगळ्यात स्वस्त, घरच्या गोठ्यात होणारं काम, आणि ‘टिकत नाही’ या तक्रारीवर पहिला उपाय हाच. पण स्वस्त फक्त किट आहे. वरचं लिफ्ट कव्हर सीटसकट काढायचं म्हणजे चेन पुली किंवा तीन धडधाकट माणसं लागतात. कव्हर उघडायच्या आधी चांगला मिस्त्री थोडं तेल काढून बाजूची प्लेट खोलतो, इंजिन सुरू करून लिव्हर वर घेतो आणि बॅटरीच्या उजेडात आत बघतो. तेलाची चिळकांडी सिलिंडरकडून उडतेय, पंपावरून वर जाणाऱ्या पाइपाच्या बुडातून, की पंपातूनच, ते तिथेच दिसतं. पाइपाची ओ-रिंग असेल तर काम फार हलकं. मात्र आत शाफ्ट फिरत असतो, हात घालायचा नाही. सिलिंडर बाहेर आल्यावर आतून नख फिरवा. नख ओरखड्यात अडकलं तर तो ओरखडा नवी रिंगही महिनाभरात खाईल. मग सिलिंडरही बदला.

पंपाचं गणित ट्रॅक्टरवर ठरतं. ज्यांचा गिअर पंप बाहेरून बसवलेला आहे, त्यांना तो चार बोल्ट काढून हातात घेता येतो. नवा घालणं सोपं. मॅसीत तो काढायला वरचं कव्हर, पीटीओ शाफ्ट सगळं हलवावं लागतं, तेव्हा एकदा उघडलं की पंप, ओ-रिंगा, जाळी एकाच फेरीत उरका. जुन्या पंपाला लोकल किट घालून ‘रिपेअर’ करण्याच्या मी विरोधात आहे. झीज बॉडीला असते, ती किट भरून काढत नाही. आणि पंपावर पैसे टाकण्याआधी प्रेशर गेज लावून मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून बघा. गेज नाही म्हणणाऱ्या मिस्त्रीकडून पंप बदलून घेऊ नका.

भंगारातली अख्खी लिफ्ट? लोखंडाच्या वस्तूंसाठी खुशाल घ्या: लिफ्ट आर्म, तडा न गेलेलं कव्हर, खालचे लिंक. पंप आणि व्हॉल्व्ह भंगारातून घेणं म्हणजे दुसऱ्याचा बिघाड विकत घेणं. तो ट्रॅक्टर भंगारात का गेला, हे कुणी सांगत नाही.

कंपनीच्या वर्कशॉपची मजुरी जास्त आणि ऐन हंगामात नंबर उशिरा. तरी एका बाबतीत मी तिकडेच पाठवीन. लिफ्ट पोझिशनच्या (अवजार ठरल्या उंचीवर धरणाऱ्या) लिव्हरने नीट चालते पण ड्राफ्टच्या (जमिनीच्या ओढीप्रमाणे खोली सांभाळणाऱ्या) लिव्हरने नांगर उगाच वर-खाली नाचतो, किंवा याच्या उलट, तेव्हा दोष बहुधा आतल्या लिंकेज आणि स्प्रिंगच्या सेटिंगचा असतो. ते अंदाजाने पाना फिरवून बसत नाही.

मावळ-मुळशीत चिखलणी करणाऱ्यांनी यातलं काहीही करण्याआधी तेल बघावं. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलंय. नवा पंपही त्या तेलात टिकणार नाही. १०३५ मध्ये गिअर आणि हायड्रोलिकचं तेल एकच, त्यामुळे अख्खं तेल बदलण्याचा खर्च अंदाजात धरा; मिस्त्री तो सहसा सांगत नाही. फेस दिसला तर कुठून तरी हवा ओढली जातेय किंवा तेलच कमी आहे.

ओ-रिंगा घेताना जुनी रिंग खिशात घालून पुण्याला जाऊ नका, ती फुगलेली असते. पार्ट नंबर लिहून न्या. आणि कव्हर उघडायच्या दिवशी दुसरा गॅस्केट आधीच घरात ठेवा. पहिला बसवताना फाटला की दुकान नेमकं बंद असतं.