कार्बन बाणांचा ऑनलाइन कॉम्बो: बाण चालतील, ब्रॉडहेडच्या नादी लागू नका

पाचपैकी तीन स्टार, अन् ते तिन्ही बाणांचे, ब्रॉडहेडला, म्हणजे शिकारीच्या पातीवाल्या टोकांना, शून्य. नागपूरचा तिरंदाज ओजस देवतळेनं 2023 ला बर्लिनच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये फायनलला 150 पैकी 150 मारले, त्याच वर्षी बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरनं शांघायच्या वर्ल्डकपात गोल्ड घेतलं, तेव्हापासून आमच्या इकडच्या पोट्ट्यांच्या डोक्यात कंपाउंड (चाकं लावलेलं धनुष्य) बसलाय, त्यात 2028 च्या ऑलिम्पिकात कंपाउंडची मिक्स्ड टीम आली, मग काय विचारता. पुतण्यासाठी हा सेट मागवला. 12 कार्बन बाण, तेवढेच फिल्ड पॉइंट (सरावाची साधी टोकं) अन् वरून 6 ब्रॉडहेड 'फ्री'. डब्यावर कंपनीचं नावच नाही, त्याच्यानं नाव विचारू नका.

आधी बाण. नळीवर 500 छापलंय, पण हा आकडा म्हणजे काय हे विकणाऱ्यानं कुठंच सांगितलं नाही अन् खरी गोष्ट तीच हाये. दोन टेकूंमध्ये 28 इंच अंतर ठेवून बाण आडवा ठेवायचा, मधोमध 880 ग्रॅम वजन लटकवायचं, अर्धा इंच वाकला तर स्पाइन (बाणाच्या ताठपणाचा आकडा) 500. म्हणजे आकडा जितका मोठा तितका बाण नरम, उलटं नाही. पुतण्याचा बो (धनुष्य) 40 पौंड ओढीचा, त्याला 28 इंच लांबीत हे बरोबर बसले. 60 पौंडवाल्यानं स्वस्त दिसले म्हणून हे उचलू नये, त्याला 400 नाहीतर 340 पाहा, नरम नळी जोरदार बोवर तुटते अन् कार्बनची फास (कुसळ) हातात घुसली तर डॉक्टरच गाठावा लागतो. मारायच्या आधी दरवेळी बाण थोडा वाकवून कानाजवळ धरा, कर्रर्र आवाज आला की तो बाण बाद, दोनशे रुपयांसाठी जीव अडकवू नका. अन् कापायचा असेल तर हॅक्सॉ लावू नका, नळीचे तंतू उसवतात, फिरत्या डिस्कवर कापा, तोंडाला मास्क बांधून. कापला की ताठ होतो, पुढं जड पॉइंट लावला की नरमासारखा वागतो, हे दोन्ही धरून हिशोब करा.

फिल्ड पॉइंट 100 ग्रेनचे सांगितले होते, म्हणजे 6.48 ग्रॅम. गावातल्या सोनाराच्या काट्यावर ठेवले (तो हसत होता), 6.35 पासून 6.6 पर्यंत निघाले. शिकणाऱ्या पोराला एवढ्यानं काही फरक पडत नाही, स्पर्धेच्या पोराला पडतो. खरा ताप इन्सर्टचा, म्हणजे नळीच्या तोंडात चिकटवलेल्या, पॉइंट बसवायच्या तुकड्याचा. बट्रेसमधून (निशाण्यामागची जाड गादी) बाण ओढला की नळी हातात अन् पॉइंट इन्सर्टसकट आतच, असं वारंवार झालं. गोंद कच्चा हाये, वरून आमचं एप्रिल-मेचं ऊन, टिनाच्या खोलीत ठेवलेला डबा हात लावू देत नाही. हॉटमेल्ट (गरम करून लावायचा गोंद) लावून बसवले तेव्हा टिकले, फक्त उष्णता पॉइंटला द्या, नळीला आगीवर धराल तर कार्बनची वाट लागते.

आता ते ब्रॉडहेड. तीन पात्यांचे, फिक्स, धार खरंच जबर, बोटाची नखं सांभाळा. जाहिरातीत एल्क अन् हरणाचे फोटो, खाली 'लीगल' असा शिक्का. अरे बापा, कुठं लीगल? तिकडं अमेरिकेत कोलोरॅडोसारख्या राज्यात शिकारीचं लायसन असतं, सीझन असतो, ब्रॉडहेडची रुंदी किमान 7/8 इंच अन् बो किमान 35 पौंडाचा पाहिजे असे नियम असतात, तो शिक्का तिकडचा. आपल्याकडं 1972 चा वन्यजीव कायदा हाये, त्यात नुसता प्रयत्न केला तरी ती शिकारच धरतात. रिव्ह्यूमध्ये दोघातिघांनी "डुकरासाठी मस्त" असं लिहून ठेवलंय. तूर, हरभरा, पऱ्हाटी आमची बी खातात रोही (नीलगाय) अन् डुकरं, राग येतोच, पण उभ्या पिकाच्या नुकसानीसाठी मारायलाही वनखात्याची लेखी परवानगी लागते, ती नसताना बाण सोडला तर केस तुमच्यावर. पंचनामा करा, भरपाईचा अर्ज टाका, कुंपणाला झटका मशीन लावा. अन् पन्नास पौंडाच्या आतल्या बोनं अंधारात मारलेलं डुक्कर मरेलच असं नाही, जखमी होऊन धुऱ्यावर (बांधावर) दडून बसते, सकाळी पाणी द्यायला जाणाऱ्या बाईच्या अंगावर येते.

प्रॅक्टिसलाही हे कामाचे नाहीत. पाती वारा धरतात, फिल्ड पॉइंटच्या जागेवर बाण पडतच नाही, अन् बट्रेसचा एका संध्याकाळीत भुगा होतो. आमच्या मैदानावर सर आणूच देत नाहीत. लहान पोरं असलेल्या घरात तर डबा उघडाच ठेवू नका.

इंडियन राउंडवाल्यांनी हा सेट पाहूच नये, तुमचं बांबूचं सामान वेगळं. बाकीच्यांनी विकणाऱ्याला आधी मेसेज टाकून ब्रॉडहेडऐवजी जादा नॉक (दोरीत अडकणारी बाणाची मागची खाच) अन् इन्सर्ट मागा. मला पार्सल आल्यावर मागितले तर "ऑफर फिक्स आहे" म्हणाला, दुसऱ्या एका दुकानदारानं मात्र ब्रॉडहेड वगळून हेच बाण तीनशे रुपये कमीत दिले.