मिनेसोटाहून टपालाने आलेले कृमी: सीजीसीच्या सेवेबद्दल

पहिलं पाकीट मी मे महिन्यात मागवलं, ही माझी चूक. मिनेसोटा विद्यापीठातल्या सीजीसीने, म्हणजे सी. एलिगन्स या इवल्याशा गोलकृमीचे स्ट्रेन (ठरावीक जनुकीय बदल असलेले वाण) सांभाळणाऱ्या केंद्राने, ते वेळेवर धाडलं होतं. इथे उतरल्यावर ते कुठल्याशा गोदामात नऊ दिवस पडून राहिलं. हातात आलं तेव्हा तिन्ही प्लेटांतला अगार, म्हणजे कृमी ज्यावर वाढतात ती जेली, आक्रसून कडेपासून सुटला होता. सूक्ष्मदर्शकाखाली धरलं, तर कुठेच हालचाल नाही. माझ्या पोस्टडॉकचं पहिलं वर्ष त्या तीन प्लेटांवर बेतलेलं होतं. मला रडू आलं.

तरी अगारचे तुकडे कापले, ओपी५० जिवाणू (कृमींचं अन्न) वाढवलेल्या ताज्या प्लेटांवर उपडे घातले आणि २० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवले. दुसऱ्या दिवशी दोन प्लेटांवर नागमोडी माग उमटले होते! अन्न संपलं की या कृमींची पिल्लं ‘डाउअर’ अवस्थेत जातात. तोंड मिटतं, खाणं थांबतं आणि तशीच ती महिनोन्‌महिने तग धरतात. तिसरी प्लेट गेली ती गेलीच. डिसेंबरात पुन्हा मागवली, ठणठणीत आली. तेव्हा मागणी थंडीतच नोंदवा.

मागवलेल्यांपैकी एक एन२, मूळचा ब्रिस्टॉलचा. सिडनी ब्रेनर यांनी १९७४ साली ज्याचं आनुवंशिकशास्त्र मांडलं तोच हा वाण. दुसऱ्यात स्पर्श जाणणाऱ्या सहा चेतापेशी हिरव्या चमकतात. मार्टिन चॅल्फी यांनी १९९४ मध्ये मेक-७ जनुकाचा प्रवर्तक (जनुक कुठल्या पेशीत चालू व्हायचं ते ठरवणारा डीएनएचा तुकडा) वापरून याच पेशी उजळवल्या होत्या, माझ्या स्ट्रेनमध्येही तोच प्रवर्तक आहे. तिसऱ्यात डीएलके-१ हे जनुक बिघडलेलं.

या प्राण्यात चेतापेशी मोजून ३०२. त्या सहा स्पर्शपेशींपैकी शेपटीतल्या पीएलएम पेशीचा लांब तंतू मी लेझरने कापते आणि २४ तासांनी पुन्हा बघते. धडधाकट कृमीत कापलेल्या टोकाला नवा कोंब फुटून तो पुढे सरकलेला असतो. डीएलके-१ नसलेल्या कृमीत नुसतं थोटूक. लेझरने कापलेले तंतू या प्राण्यात पुन्हा वाढतात हे २००४ मध्ये दाखवलं गेलं, आणि २००९ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे डीएलके-१ वर बोट ठेवलं. उंदराच्या पायातले तुटलेले चेतातंतू पुन्हा वाढायलाही याच जनुकाचं उंदरातलं भावंड लागतं. म्हणून तो थोटूक पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला तेव्हा मी बराच वेळ खुर्चीतून उठले नाही. दुसऱ्या खंडातल्या कुणी तरी कधी काळी वेगळा काढलेला कृमी, आणि माझ्या टेबलावर तेच उत्तर. सीजीसीची खरी किंमत मला यात वाटते.

सूचीतली माहिती नीट वाचा. स्ट्रेन किती वेळा मूळ वाणाशी संकरित करून साफ केला आहे, तो आकडा तिथे दिलेला असतो. तो कमी असेल तर संकर स्वतः करा, नाहीतर भलत्याच उत्परिवर्तनाचं श्रेय आपल्या जनुकाला द्याल. आल्या आल्या सिक्वेन्सिंग करून, म्हणजे डीएनएचा क्रम वाचून, खात्रीही करून घ्या. आणखी एक: चमकणारा स्ट्रेन निवडताना गुणसूत्र बघा. डीएलके-१ पहिल्या गुणसूत्रावर आहे, माझा हिरवा रंग दुसऱ्यावर, त्यामुळे दोन्ही एकत्र आणणं सोपं गेलं. एकाच गुणसूत्रावरच्या दोन गोष्टी संकरातून जुळवणं अवघड, म्हणून रंगही पहिल्यावरच असलेला स्ट्रेन घेतला असता तर आठवडेच्या आठवडे गेले असते.

तिन्ही स्ट्रेन आता ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर आहेत, प्रत्येकाच्या सहा कुप्या. एकेक कुपी वितळवून पाहिली, पिल्लं वळवळली. यंदाच्या मे महिन्यात मला काही मागवायचं नाही.