स्ट्रेस-एनजीनं लेटन्सी मोजणं: उन्हाळा, पावसाळा दोन्ही काढल्यानंतरचा अनुभव

आधी निकाल सांगतो, लेटन्सी (प्रोग्राम ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा उठतो ते) मोजायला स्ट्रेस-एनजी हे टूल एक नंबर आहे, पण नुसता मीनचा (सरासरीचा) आकडा बघून खूश होणाऱ्याच्या कामाचं नाही. आमचं काम सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात चेकिंग मशीनवर कॅमेरा बसवून देतो, पॅनेलमध्ये छोटा लिनक्स पीसी, त्यानं दर मिलिसेकंदाला एन्कोडर (कापड किती पुढं गेलं ते सांगणारा सेन्सर) वाचायचा आणि डाग दिसला की तिथं खूण मारायची. कापड मिनिटाला ६० मीटरनं पळत असलं तर एका मिलिसेकंदात १ मिलिमीटर पुढं जातं, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमनं आपल्या प्रोग्रामला पाच मिलिसेकंद उशिरा उठवलं की खूण पाच मिलिमीटर सरकलीच, मग मालक बोलणारच, "काय ओ, डाग इथं आणि खूण तिथं?"

स्ट्रेस-एनजी हे कॉलिन इयान किंग यांचं टूल, फुकट, डेबियन-उबंटूवर एका कमांडीत येतं. बहुतेक लोक सीपीयू तापवायलाच वापरतात, पण त्यात सायक्लिक म्हणून एक स्ट्रेसर (मशीनवर ताण टाकणारी चाचणी) आहे, तो ठरलेला वेळ झोपतो, उठतो आणि किती उशीर झाला ते नॅनोसेकंदात दाखवतो. रूटनं चालवायचा, सायक्लिक एकच ठेवायचा, पॉलिसी फिफो (म्हणजे साध्या प्रोग्रामांच्या आधी याला सीपीयू), आणि सायक्लिक-स्लीप (किती झोपायचं ते) दहा लाख नॅनोसेकंद म्हणजे एक मिलिसेकंद, कारण डिफॉल्ट एक लाख आहे आणि आपल्याला आपल्या कामाचाच ताल हवा. त्याच कमांडीत व्हीएम (मेमरीवर ताण) आणि एचडीडी (डिस्कवर ताण) स्ट्रेसर जोडायचे, नाहीतर रिकाम्या मशीनवर मॅक्स (सगळ्यात मोठा उशीर) कुणाचाही चांगलाच येतो.

खरी गंमत पर्सेंटाइलमध्ये आहे. ९९.९९ टक्क्याचा आकडा (म्हणजे इतके टक्के वेळा उशीर याच्या आतच राहिला) बघून वाटतं झालं काम, पण सेकंदाला हजार वेळा उठणाऱ्या प्रोग्राममध्ये राहिलेला ०.०१ टक्का म्हणजे दर दहा सेकंदांना एक उशीर, आणि तो किती मोठा ते त्या ओळीत दिसतच नाही. म्हणून मी थेट मॅक्स बघतो. साध्या कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्यावर) डिस्कचा लोड टाकला की मीन निवांत काही मायक्रोसेकंदांत आणि मॅक्स पार मिलिसेकंदांत, असं लई वेळा बघितलंय. प्रीएम्प्ट-आरटी (वेळ पाळण्यासाठी केलेला, रिअल-टाइम) कर्नल टाकल्यावर फरक डोळ्यांनी दिसतो, आणि आता तर ते २०२४ मध्ये ६.१२ पासून मेन कर्नलमध्येच आलंय, पॅच शोधत बसायची कटकट गेली (कर्नल बिल्ड करताना ऑप्शन मात्र चालू करावा लागतो).

आरटी टाकूनही अधूनमधून एखादा उंच आकडा येत असेल तर बायोसकडे (मदरबोर्डच्या फर्मवेअरकडे) बघा, एसएमआय नावाचे इंटरप्ट कर्नलला न विचारता सीपीयू ताब्यात घेतात, त्यासाठी आरटी-टेस्ट्स या टूलच्या संचातलं एचडब्ल्यू-लॅट-डिटेक्ट चालवायचं. आणि मे महिन्यात दुपारी परत मोजा. सोलापूरचं ऊन, त्यात सुताची लव आत जाऊ नये म्हणून बंद ठेवलेलं पॅनेल, सीपीयू तापून स्वतःचा वेग खाली आणतो आणि जानेवारीत एसीच्या ऑफिसात काढलेले आकडे कागदावरच राहतात. पॅनेलला फिल्टरवाला फॅन लावल्यावर आमचे उन्हाळ्यातले आकडे जाग्यावर आले.

तक्रार एकच, मॅक्स किती ते कळतं पण कधी आणि कुणामुळं ते नाही. तिथं आरटी-टेस्ट्समधला सायक्लिकटेस्टच बरा, ठरवलेली मर्यादा ओलांडली की तो थांबतो आणि ट्रेस (त्या वेळी कर्नल काय करत होता त्याची नोंद) बघता येतो. फक्त सायक्लिकटेस्ट स्वतःच सीपीयूला गाढ झोपू (वीज वाचवायच्या अवस्थेत जाऊ) देत नाही, त्यामुळं तुमच्या प्रोग्रामनं तसं केलं नसेल तर त्याचे आकडे जरा गोडच दिसणार.

अजून एक, टाइमआउट दिल्याशिवाय चालवू नका, नाहीतर दिवसभर चालू राहतं, आणि एचडीडी स्ट्रेसर रात्रभर गिऱ्हाइकाच्या एसएसडीवर तर अजिबात नको, टेंप-पाथ (तात्पुरत्या फायलींची जागा) देऊन जुन्या डिस्कवर वळवा.